क्रीडासट्टा आणि क्रिकेटपटू

सामन्याच्या निकालावर वा त्यातील एखाद्या घटनेवर पैसे लावणे म्हणजे क्रीडासट्टा; मुंबई प्रांताच्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानुसार महाराष्ट्रात तो गुन्हा असला, तरी परवानाप्राप्त रेसकोर्सवरील घोड्यांच्या शर्यती त्यातून वगळल्या आहेत. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामना खेळणाऱ्या क्रिकेटपटूला क्रिकेट मंडळाच्या भ्रष्टाचारविरोधी संहितेमुळे कोणत्याही क्रिकेट सामन्यावर पैज लावता येत नाही. मंडळाने मात्र 2020 मध्ये आयपीएलचे आणि 2023 मध्ये भारतीय संघाच्या जर्सीचे प्रायोजकत्व ड्रीम11 या कंपनीला दिले, जिच्या पैसे भरून काल्पनिक संघ रचण्याच्या खेळाला मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये कौशल्याचा खेळ मानले होते. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, आणि सप्टेंबरमधील आशिया चषकात संघ प्रायोजकाच्या नावाविनाच उतरला.