देशमुख, पंजाबराव शामराव

(२७ डिसेंबर १८९८ – १० एप्रिल १९६५). विदर्भातील शेतकरी नेते, शिक्षणप्रसारक व भारताचे कृषिमंत्री. जन्म अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात, शेतकरी कुटुंबात. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून १९२० मध्ये ते विलायतेस गेले. एडिंबरो येथे एम्.ए. आणि ऑक्सफर्ड येथे वैदिक वाङ्मयातील धर्म या विषयावर डॉक्टरेट मिळवून ते बॅरिस्टरही झाले. परतल्यावर अमरावतीस त्यांनी वकिली आरंभिली. परंतु त्यांचे खरे कार्यक्षेत्र खेडे हेच राहिले.

अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या चळवळीत (१९२७) ते पुढे होते. १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होताच त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या व प्राथमिक शिक्षणासाठी करवाढ केली. कर वाढवून लोकप्रियता टिकविणारे पुढारी विरळाच. १९३० मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात आले. जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले होते आणि वऱ्हाडातील जमिनी सावकारांकडे जात होत्या. अशा वेळी धनको व ऋणको यांच्यात तडजोड घडवून हप्ते बांधून देणारी मंडळे स्थापणारा कर्ज लवाद कायदा (१९३३) झाला. त्यामागे त्यांचा पुढाकार होता. खेड्यातील मुलांसाठी त्यांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. संविधान सभेत मागासवर्गीयांच्या हक्कांसाठी ते आग्रहाने बोलत.

अमरावतीतून ते १९५२, १९५७ व १९६२ असे तीनदा लोकसभेवर निवडून आले. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात कृषी खाते त्यांच्याकडे असले, तरी अन्न व कृषी मंत्रालयाची सर्वोच्च जबाबदारी अनुक्रमे रफी अहमद किडवाई, अजितप्रसाद जैन व स. का. पाटील यांच्याकडे होती. धान्याचे भाव, आयात व वाटप यांसंबंधीच्या निर्णयांवर त्यामुळे त्यांचा ठसा मर्यादितच दिसतो. ही उणीव त्यांनी संघटनेने भरून काढली. भातशेतीच्या जपानी पद्धतीची मोहीम त्यांनी देशभर चालविली. शेतकऱ्यांना स्वतःचे व्यासपीठ हवे म्हणून १९५५ मध्ये भारत कृषक समाज स्थापन केला. या समाजाने दिल्लीत भरविलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनास (१९५९–६०) अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहौअर उपस्थित होते. मंत्र्याने आपल्याच खात्यावर दबाव आणू शकेल अशी संघटना उभी करावी, ही गोष्ट लक्षणीय आहे.

दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. अकोला येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.