देवळाबाहेरची हलगी

नाशिकच्या शरणपूर रोडवर आज बँका, दवाखाने अन् कपड्यांची मोठाली दुकानं आहेत. नाव मात्र जुनं राहिलं. चर्च मिशनरी सोसायटीचे लोक 1832 साली नाशकात आले. बाप्तिस्मा घेतला म्हणून ज्यांना भावकीनं टाकलं, गावानं पाणी तोडलं, त्यांच्यासाठी पुढं त्यांनी शहराबाहेर वस्ती केली. शरण आलेल्यांचं गाव ते शरणपूर. तिथल्या शाळेबद्दल, अनाथाश्रमाबद्दल लिहिलेलं वाचायला मिळतं. पण ती माणसं येताना कोणती गाणी घेऊन आली अन् त्या गाण्यांचं काय झालं, हा माझा प्रश्न आहे.

आमचं घर शरणपूरचं नाही, निफाड तालुक्यातलं. गोष्ट मात्र तीच. नाशिक-नगरच्या खेड्यांतून जे ख्रिस्ती झाले त्यांत बरेचसे महार-मांग. मांगाच्या घरी हलगी अन् सनई पिढीजात. लग्न असो, पोळा असो, देवीची मिरवणूक असो, आमच्या वाड्यातून हलगी गेल्याशिवाय गावाचं पान हलत नसे. माझा आजा हलगीवर बैलजोडीची चाल वाजवून दाखवायचा. रिकामी गाडी निराळी अन् उसानं भरलेली निराळी, डोळे मिटून ओळखावं.

पण ती कला होती तशी वेठही होती. नाही म्हणायची सोय नव्हती. वाजवायचं ते मांडवाच्या बाहेर उभं राहून, अन् मोबदला म्हणजे खळ्यावरचं बलुतं, लग्नातलं उरलेलं अन्न. म्हणून मिशनचे लोक जेव्हा म्हणाले की हे सोडा, तेव्हा कितीतरी जणांनी हलगी आनंदानं खाली ठेवली. मिशनऱ्यांनी लोककला मारली, असं शिकलेली माणसं म्हणतात. म्हणू देत. ज्याच्या गळ्यात ती अडकवलेली होती त्याला आधी विचारावं. तमाशाचंही तसंच. जुनी मंडळी तमाशाला जाऊ देत नसत, कारण तिथं दारू होती अन् नाचणारी पोर बहुधा आपल्याच जातभाईची होती.

हलगी गेली, मग हाताला अन् गळ्याला दिलं काय? गायनं. इंग्रजी चाल, तिच्यावर बसवलेले मराठी शब्द. चाल चढते तिथं शब्द उतरतो, शब्दावर जोर यावा तिथं सूर संपतो. मडम पेटीवर बसायची अन् आमच्या बाया ओठ हलवायच्या. घरी येऊन जात्यावर बसल्या की त्याच बाया येशूचं नाव घालून आपल्या ओव्या म्हणायच्या. माझी आजी अशा ओव्या सांगायची. त्या कुणी लिहून ठेवल्या नाहीत, मीही नाही.

खरं तर हे कोडं गोव्यात कधीच सुटलं होतं. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री तिथं मराठी शिकला अन् त्यानं दहा हजारांवर ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते 1616 साली छापलं गेलं. पण तो पंथ वेगळा, मुलूख वेगळा. आमच्याकडं परत पहिल्या नांगरटीपासून सुरुवात झाली. नगरला कृष्णराव सांगळ्यांनी 1860 नंतर ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. मग आले टिळक.

रेव्हरंड नारायण वामन टिळक तरुणपणी नाशकात शिकले. त्यांची बायको लक्ष्मीबाई आमच्या जलालपूरची, गोदाकाठची लेक. टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो, असं ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, टाळ हातात घेऊन कीर्तन केलं. हा ख्रिस्ती पाळक 1915 साली नाट्यसंमेलनाचा अध्यक्ष झाला, म्हणजे रंगभूमीलाही त्यानं पाप मानलं नाही. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, ते पुढं लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. टिळकांमुळं आमच्या बायांचे ओठ हलायचे थांबले अन् गळा फुटला. आजही ‘उपासना-संगीत’ उघडलं की टिळकांचंच गाणं आधी निघतं.

आमच्या गावी कीर्तन व्हायचं ते उधळ्या पुत्राचं. धाकटा बापाकडं वाटणी मागतो, इथपर्यंत आलं की बाहेर ओट्यावर बसलेले मराठे, माळीसुद्धा पुढं सरकायचे. वाटणीची गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही. कीर्तन करणारे मास्तर साकी, दिंडी अशी काही म्हणायचे की रात्रीचे बारा वाजले तरी लोक हलत नसत.

पण या गोष्टीत एक जागा आहे. धाकटा परत येतो, अन् थोरला शेतातून घराकडं येतो तेव्हा त्याला घरातून वाद्यं अन् नाच ऐकू येतो. शुभवर्तमानातच आहे ते. माझ्या आज्यानं एकदा पाळकसाहेबांना विचारलं, “सायेब, बापानं घरात वाजंत्री लावली, ती वाजवाया कोन आलं आसंल?” साहेब हसले अन् विषय बदलला. दीडशेव्या स्तोत्रात तर डफाचं नावच आहे. डफ म्हणजे हलगीचा भाऊच. तरी टाळ, मृदंग, पेटी देवळात आली (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) अन् हलगी बाहेरच राहिली.

यात टिळकांना बोल लावता येत नाही. त्यांच्या घरात जे होतं ते त्यांनी आणलं. ब्राह्मणाच्या घरचं कीर्तन आलं, वारकऱ्याचा अभंग आला. मांगवाड्यातलं काय आणायचं हे आमच्या लोकांना कुणी विचारलं नाही, अन् त्यांनाही त्याची लाज वाटायला लागली होती. याउलट आमच्याच जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी 1930 नंतर आंबेडकरी जलसा उभा केला. त्याआधी सत्यशोधकांनी तेच केलं होतं. ढोलकी तीच, साचा तमाशाचा, आतला मजकूर नवा. त्यांनी वेठ टाकली, वाद्य ठेवलं. आम्ही दोन्ही एकदमच टाकलं.

आता नाताळच्या फेरीत डीजे असतो. सिनेमाच्या चालीवर येशूची गाणी वाजतात, म्हातारी माणसं कानाला मफलर घट्ट बांधतात. मी पोरांना बोलत नाही. कीर्तनकार मास्तरसुद्धा नाटकातल्या चाली उचलत होते, तेव्हाच्या म्हाताऱ्यांनी तेव्हाही तोंड वाकडं केलं असणार. मला खटकतं ते एवढंच की त्या डीजेवर हलगीचा ठेका वाजतो तो यंत्रातून, अन् त्यावर नाचणाऱ्या पोरांना तो कुणाच्या घरचा आहे ते माहीत नाही.

आज्याच्या हलगीचं कातडं कधीच फाटलं. लोखंडी कडं गोठ्यात खुंटीला आहे, माझी आई त्यावर फडकं बांधून कांद्याचं बी वाळवायची. धाकट्या नातवानं ते पुसून काढलं अन् फायबरचं पान बसवून घेतो म्हणाला. मी म्हटलं, कातड्याचंच बसव, आधी जाळावर शेकावं लागतं तेही शीक. कातडं मढवून देणारं कोण उरलंय, त्याचा तपास सध्या चालू आहे.