कुंडीतला पहिला सिनेमा

कर्जतजवळच्या चौकला २००५ साली नितीन देसाईंनी एन. डी. स्टुडिओ उभारला. तेव्हापासून आमच्याकडे सिनेमा म्हटलं की किल्ले-महाल डोळ्यांसमोर येतात. मला मात्र त्याचं मूळ एका कुंडीत दिसतं. १९१२मध्ये दादासाहेब फाळक्यांनी वाढत्या वाटाण्याची चित्रं थांबून थांबून, एकेक करून टिपली. त्या ‘अंकुराची वाढ’नेच ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवून दिलं. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्या नाचवल्या. १९५६मध्ये राम मोहन फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात दाखल झाले. तिथे तीच चिकाटी हाताने काढलेल्या चित्रांत उतरली. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. महाल पाहायला गर्दी होते, चौकटी भरणारे हात कुणाला दिसत नाहीत. आपल्या सिनेमाचा पाया मात्र अशाच हातांनी घातला.