घरच्या कॉम्प्युटरला २०३८ साल झेपेल का? घरीच करा या तीन तपासण्या

बुलढाणा : चिखली असो की संग्रामपूर, आता बऱ्याच घरांत, कृषी केंद्रांत, दूध संकलनाच्या ठिकाणी जुना-नवा कॉम्प्युटर आहे. उधारी, दुधाचे माप, कर्जाचे हप्ते सगळं त्यातच. पण कॉम्प्युटरची तारीख चुकली, की हिशेब गुपचूप चुकतो आणि वाद मात्र माणसांत होतो.

साल बदललं की अडचण का येते?

पूर्वी जागा वाचवायला कॉम्प्युटरमध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवत. त्यामुळे २००० साल उजाडताना '००' म्हणजे १९०० धरलं जाईल, अशी भीती होती. जगभर आधीच दुरुस्त्या झाल्या म्हणून निभावलं.

आता पुढची तारीख आहे १९ जानेवारी २०३८. अनेक जुने प्रोग्राम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ३२ बिटच्या जागेत २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ एवढेच सेकंद मावतात. आपल्याकडे त्या दिवशी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी ही मोजणी भरते. गाडीचं मीटर ९९९९९ नंतर शून्यावर येतं ना, तसंच हे. फरक इतकाच, की इथे तारीख थेट १९०१ सालात जाते.

२०३८ लांब आहे म्हणून सोडून देऊ नका. २०२६ मध्ये घेतलेल्या १५ वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता २०४१ मध्ये येतो. तो हिशेब प्रोग्रामला आजच मांडावा लागतो.

तपासणी १ : बटन सेल

कॉम्प्युटर बंद असतानाही घड्याळ चालतं ते आतल्या बटन सेलवर. बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो. रात्री इंटरनेटची वायर काढा, वाय-फाय बंद करा. कॉम्प्युटर बंद करून प्लगही काढून ठेवा. सकाळी सुरू करून तारीख बघा. मागे गेली असेल तर सेल संपला, बदलून घ्या. तारीख चुकीची असली की बँकेच्या आणि सरकारी वेबसाइटही उघडत नाहीत.

तपासणी २ : एक्सेल

रिकाम्या चौकटीत १/१/३० टाइप करा. त्या चौकटीवर क्लिक करून वरच्या पट्टीत पूर्ण साल बघा. एक्सेलच्या अनेक आवृत्त्या ३० ते ९९ हे आकडे १९३० ते १९९९ धरतात. १९३० दिसलं, तर २०३० ची उधारी शंभर वर्षं मागे जाईल! उपाय सोपा : साल नेहमी चार आकडी लिहा.

तपासणी ३ : तारीख पुढे नेऊन

१. सगळ्या फाईल पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा.
२. इंटरनेट बंद करा. आपोआप वेळ लागण्याचा पर्यायही बंद करा.
३. तारीख १९ जानेवारी २०३८, वेळ सकाळी ८.४३ लावा. दोन-तीन मिनिटं थांबा.
४. हिशेबाच्या फाईलची एक प्रत उघडा, त्यात एक नोंद करा, व्याज काढून बघा.
५. बंद करून परत सुरू करा. नोंदीतलं साल २०३८ च आहे ना, बघा.
६. आजची तारीख लावा, मगच इंटरनेट जोडा. प्रत काढून टाका.

विंडोज १० आणि ११ स्वतः वेळ ६४ बिटमध्ये मोजतात, ते यात सहसा अडकत नाहीत. अडकतो तो जुना हिशेबाचा प्रोग्राम. तो अडकला तर ज्याच्याकडून घेतला त्याला विचारा : २०३८ नंतरच्या तारखा चालणारी आवृत्ती आहे का?

हे मात्र करू नका

ज्या कॉम्प्युटरवर डिजिटल सही, परवान्याचं सॉफ्टवेअर किंवा सेवा केंद्राचं काम चालतं, त्यावर तिसरी तपासणी करू नका. परवाना संपल्याचं दाखवून काम अडू शकतं. मोबाइलवर तर हा प्रयोग नकोच. २०१६ मध्ये काही आयफोनची तारीख १ जानेवारी १९७० केल्यावर ते सुरूच होईनात. मोबाइलमध्ये तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' ठेवा, बस्स.

आणि हो, मोठ्या व्यवहाराची एक नोंद कागदी वहीत पूर्ण सालासकट असू द्या. स्क्रीनवरची तारीख चुकली, तर पुरावा तीच वही देईल.