पाऱ्याचा थेंब आणि रक्तातील शिसे

शिशाचे विष शरीरात भिनते ते गाजावाजा न करता. पोट दुखते, मूल चिडचिडे होते, अभ्यासात मागे पडते. परंतु यांपैकी एकाही लक्षणावर शिशाचा शिक्का नसतो. म्हणून वैद्याला रक्तालाच विचारावे लागते. आणि रक्ताला बोलते करणाऱ्या एका विद्येचे मूळ प्राग येथील एका कंटाळवाण्या प्रयोगात आहे.

१९१८ साली यारोस्लाव्ह हेरॉव्स्की हे तरुण रसायनज्ञ डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेस बसले. परीक्षक होते प्रा. बोहुमिल कुचेरा. बारीक काचनळीतून ठिबकणाऱ्या पाऱ्याच्या पृष्ठताणात कुचेरांना काही विसंगती आढळल्या होत्या. त्यांचा उलगडा करण्याचे त्यांनी या परीक्षार्थीलाच सुचविले. थेंब गोळा करावे, तोलावे, आलेख काढावा, असे पुढे कित्येक दिवस चालले. कुचेरा १९२१ मध्ये निवर्तले. १० फेब्रुवारी १९२२ रोजी हेरॉव्स्कींनी तोलण्याचा नाद सोडून द्रावणातून जाणारा विद्युत्प्रवाहच मोजला. विद्युद्दाब हळूहळू वाढविला, तेव्हा प्रवाह पायरीपायरीने चढू लागला. पायरी कोणत्या दाबास येते त्यावरून पदार्थ ओळखावा, तिच्या उंचीवरून प्रमाण! थेंब क्षणोक्षणी नवा, म्हणून त्याचा पृष्ठभाग सदैव निर्मळ. खरी खुबी ती येथे. १९२४ मध्ये जपानी सहकारी मासुझो शिकाता यांच्यासह त्यांनी हा आलेख आपोआप रेखणारे यंत्र रचले आणि १९५९ मध्ये हेरॉव्स्कींना नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तातील शिसे मात्र इतके अल्प, की ही पायरी दिसेना. त्यावर युक्ती निघाली ती आपल्या पिग्मी बचतीसारखी: आधी साठवा, मग मोजा. ऋण दाब देऊन शिसे पाऱ्याच्या थेंबात वा थरात काही मिनिटे जमा करावयाचे आणि मग दाब उलट दिशेने सरकवावयाचा. आधी कॅडमियम बाहेर पडते, मग शिसे, नंतर तांबे. सुटताना प्रत्येक धातू आपापल्या दाबास प्रवाहाचे शिखर उठवितो. रक्तातील बहुतेक शिसे तांबड्या पेशींत दडलेले असते, तेव्हा ते आम्लाने आधी मोकळे करावे लागते. एका विषाचा शोध दुसऱ्या विषाच्या साह्याने, हा प्रकार मोठा मासलेवाईक! पुढे काही उपकरणांत पाऱ्याची जागा सोन्याने घेतली. बोटातील दोन थेंब रक्त आणि तीन मिनिटे, एवढ्यात उत्तर मिळू लागले.

मोजणी सूक्ष्म झाली, तशी चिंतेची रेषाही खाली आली. अमेरिकेत १९६० च्या दशकात मुलांच्या दर डेसीलिटर रक्तात ६० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे चालवून घेत. १९९१ मध्ये ही रेषा १० वर, २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आली. अर्थात केवळ यंत्राचे हे श्रेय नव्हे. थोड्या शिशानेही बुद्धीस अपाय होतो, हे मुलांच्या दीर्घ पाहणीतून दिसून आले होते.

यंत्रही चुकते. मे २०१७ मध्ये अमेरिकी शासनाने इशारा दिला, की असल्याच एका बनावटीची उपकरणे शिरेतून काढलेल्या रक्तातील शिसे कमी दाखवीत असावीत. निर्धास्त झालेल्या कित्येक आईबापांना लहान मुलांचे रक्त पुन्हा तपासून घेण्यास सांगावे लागले. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या चाचणीस मात्र त्या वेळी ही हरकत नव्हती.