लोकरीच्या झुडपाचे नाव

दप्तरात एकदा चढलेली नोंद सहजासहजी पुसली जात नाही, हा सरकारी नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. खातेदार जाऊन पिढ्या लोटतात, शेताच्या बांधावरचे झाड वठते. पण नोंद तशीच राहते. वनस्पतिशास्त्राचे दप्तर याहून निराळे नाही. त्यातील अशाच एका नोंदीची हकीकत आज आपल्यापुढे मांडावयाची आहे. झुडूप आहे वाळवंटातले, त्याचे शास्त्रीय नाव सांगते जावा बेटाचे, आणि त्या नावामागे एका तरुण संशोधकाचे अकाली मरण आहे.

आरंभ मात्र घराजवळून करू. बंगळूरच्या दक्षिण भागातील बनशंकरी ही वस्ती तेथील देवीच्या नावाने ओळखली जाते. कनकपुरा रस्त्यावरचे हे देऊळ 1915 सालचे असले, तरी देवीचे मूळ ठाणे बदामीजवळचे. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची ती कुलस्वामिनी आहे. पौषात शाकंभरीचे नवरात्र बसते, तेव्हा देवीपुढे नाना तऱ्हेच्या भाज्यांचा नैवेद्य मांडतात. वनशंकरी, म्हणजे वनाची देवता. कानडी मुखात 'व'चा 'ब' झाला, एवढेच. पाना-फुलांच्या या देवतेच्या नावाने वसलेल्या भागात रिकाम्या जागी, कुंपणाच्या कडेने, दगडी भिंतीच्या सांदीत एक पांढुरकी रोपटी उगवलेली दिसते. पाने इवलीशी, अंगावर मऊ लव, आणि पानांच्या बेचक्यांत पांढऱ्या फुलांचे लोकरीसारखे झुबके. मराठीत हिला कापूरमाधुरी म्हणतात. केरळात हीच चेरूळा, आणि तेथील दशपुष्पांत तिला मानाचे स्थान आहे.

लिनीअसने 1753 साली वनस्पतींची मोठी जंत्री सिद्ध केली, तेव्हा हिला आपल्या आघाड्याच्या कुळीत बसवून 'लनाटा', म्हणजे लोकरी, असे विशेषण दिले. विशेषण टिकले, कुळी मात्र पुढे बदलली. आज शास्त्रज्ञ हिला 'एर्वा लनाटा' म्हणतात. यातील 'एर्वा' हा शब्द लॅटिन नव्हे, ग्रीकही नव्हे. तो अरबी बोलीतून आलेला आहे. बंगळूरच्या भिंतीतल्या रोपट्याला अरबी नाव कसे मिळाले, हे पाहण्यासाठी तिच्या वाळवंटातल्या थोरल्या बहिणीकडे वळले पाहिजे.

ही थोरली बहीण म्हणजे 'एर्वा जावानिका'. राजस्थानात तिला बुई म्हणतात. पुरुषाच्या कमरेपर्यंत, क्वचित त्याहून उंच वाढणारे हे झुडूप पानापासून फुलापर्यंत पांढऱ्या लोकरीने वेढलेले असते. ही लव म्हणजे नुसता शृंगार नव्हे. ती प्रखर ऊन परतविते, पानालगतची हवा अडवून धरते, आणि त्यामुळे झाडातील पाणी लवकर उडून जात नाही. पानाच्या आतली रचनाही वेगळी आहे. ऊस, ज्वारी आणि मका ज्या काटकसरीच्या रीतीने हवेतील कर्बवायूपासून अन्न तयार करतात, तीच रीत बुईची आहे, कापूरमाधुरीची नाही. एकाच कुळीतील दोन बहिणी. एक ओलसर सांदीत सामान्य झाडांप्रमाणे संसार करते, दुसरीने उन्हाळ्याशी झुंजण्याची निराळी युक्ती साधली आहे. आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यातून अरबस्तान, दक्षिण इराण, बलुचिस्तान व सिंध ओलांडून बुईचा विस्तार राजस्थान-कच्छपर्यंत पोचतो. तिची लोकर उशा-गाद्यांत भरण्याच्या कामी येत असे. जावा बेटात पाऊस उदंड. तेथे हे झुडूप स्वभावतः वाढत नाही.

मग नावात जावा कोठून आले? 4 जानेवारी 1761 रोजी डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याच्या आश्रयाने सहा जणांची एक तुकडी कोपनहेगनहून अरबस्तानाच्या शोधाला निघाली. तीत पेटर फोर्स्कोल हा लिनीअसचा शिष्य होता. वय अवघे अठ्ठावीस. इजिप्त व येमेनमध्ये त्याने शेकडो वनस्पती गोळा केल्या, आणि त्याची रीत अशी की झाड पाहिले म्हणजे तेथील माणसांना त्याचे नाव विचारावे व अरबी नाव टिपून ठेवावे. या लोकरी झुडपाची कुळी त्याने तशाच ऐकलेल्या शब्दावरून 'एर्वा' ठरविली. परंतु 11 जुलै 1763 रोजी येमेनमधील यरीम गावी तापाने त्याचा अंत झाला.

तुकडीतील भाषापंडित त्याआधीच मोखा बंदरी निवर्तला होता. उरलेल्यांनी मोखाहून मुंबईची वाट धरली. वाटेत चित्रकार व सेवक समुद्रावरच वारले. वैद्य क्रामर मुंबईत 1764 च्या फेब्रुवारीत गेला. सहांपैकी एकटा कार्स्टेन नीबूर उरला. हा मोजणीदार व नकाशाकार. त्या दुःखातही त्याने मुंबईच्या मुक्कामात घारापुरीची लेणी मोजली व त्यांची चित्रे काढली. 1764 च्या अखेरीस तो मुंबईहून निघाला व 1767 साली कोपनहेगनला परतला. मृत मित्राचे टिपण त्याने संपादिले. इजिप्त व अरबस्तानच्या वनस्पतींवरील फोर्स्कोलचा ग्रंथ अखेर 1775 साली प्रसिद्ध झाला.

या बारा वर्षांत घडावयाचे ते घडून गेले होते. 1768 साली हॉलंडमध्ये निकोलास बुर्मन याने हिंदी वनस्पतींवर ग्रंथ छापला, आणि त्यात या झुडपाचे वर्णन जावाच्या नावाने केले. नवल असे की त्याच ग्रंथात इराणच्या नावाने नोंदलेली दुसरी वनस्पतीही हीच ठरली. म्हणजे एकाच झाडाच्या दोन नोंदी झाल्या. एक खऱ्या मुलखाची, दुसरी चुकीच्या. नियम असा की जातिवाचक विशेषण जे आधी छापले गेले तेच ग्राह्य. फोर्स्कोलने झुडपाला दिलेले 'टोमेंटोसा', म्हणजे लवदार, हे यथार्थ विशेषण सात वर्षे उशिरा आले म्हणून मागे पडले, आणि बुर्मनच्या दोहोंपैकी रूढ झाले ते जावाचे. 'एर्वा' ही कुळी तेवढी फोर्स्कोलची राहिली, आणि कापूरमाधुरीही तिच्यात सामावली गेली.

येथे आपल्याकडील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कोचीनचा डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ 1678 पासून प्रसिद्ध केला. त्यानेही इट्टी अच्युतन या वैद्याला, तसेच रंगभट, विनायक पंडित व आपू भट या कोंकणी ब्राह्मणांना विचारून नावे टिपली. या तिघांचे कोंकणी भाषेतले, नागरी लिपीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. चेरूळेची नोंद या ग्रंथात तिच्या मलयाळी नावानेच आली. जेथे झाड उगवते तेथील माणसाला विचारले, तेथे नाव खरे उतरले. दूरदेशी मेजावर बसून चिठ्ठी चिकटविली, तेथे बेट चुकले.

झुडपाचा प्रवास मात्र चालूच आहे. उंटांच्या खोगिरांत भरलेल्या लोकरीबरोबर बुईचे बी ऑस्ट्रेलियात पोचले, असे सांगतात. तेथे ऑर्ड नदीच्या खोऱ्यात गुरांनी चरून उघडी पडलेली जमीन धरून ठेवण्यासाठी 1960 नंतर ती मुद्दाम पेरण्यात आली.

जावाचे नाव आता बदलणार नाही. दप्तराला शिस्त हवी, आणि ती शिस्त कधी चुकीच्या नोंदीलाही सांभाळते. पण नोंद म्हणजे ज्ञान नव्हे. बनशंकरीत वाढणाऱ्या मराठी मुलाला शाकंभरीची आरती येते आणि पायरीपाशी उगवलेल्या रोपट्याचे नाव येत नाही, असे होऊ नये. एका परक्या तरुणाने परक्या देशी माणसांना नावे विचारीत प्राण वेचले. आपल्याला तर शेजारच्या आजीला विचारायचे आहे: कापूरमाधुरी ती कोणती?