नैराश्यरोधक औषधांच्या धोक्याची वार्ता : १९५२ ते २००७

हृदयविकाराची गोळी घेणाऱ्या मनुष्यास कोणी दुबळ्या मनाचा म्हणत नाही. नैराश्यविकारावर गोळी घेणाऱ्यास मात्र हा शब्द अनेकदा ऐकावा लागतो. त्यामुळे या औषधांच्या दोषांची वार्ता ज्या वाचकापर्यंत पोहोचते, तो आधीच संकोचाने ग्रासलेला असतो. दोष लपविले तर त्याचा घात होतो आणि ते भडकपणे सांगितले तरीही होतो. ब्रिटन व अमेरिका या देशांत या औषधांविषयी जो वाद झाला, त्याचा इतिहास या दोन्ही गोष्टींची साक्ष देतो.

या औषधांचा आरंभच वार्तेच्या झगमगाटात झाला. १९५२ साली न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंड येथील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड देण्यात आले, तेव्हा रुग्णांची वृत्ती विलक्षण उल्हसित झाल्याचे आढळले आणि आनंदाने नाचणाऱ्या रुग्णांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. १९५७ मध्ये नेथन क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यावरील त्याच्या उपयोगाचा वृत्तांत दिला. त्याच वर्षी रोलांड कून यांनी झुरिच येथील परिषदेत इमिप्रामिनविषयी निवेदन केले, ते ऐकण्यास जेमतेम डझनभर श्रोते होते. पुढे यकृतावरील अपायामुळे १९६१ मध्ये अमेरिकेत इप्रोनियाझिड मागे घेण्यात आले; इमिप्रामिन मात्र टिकून राहिले.

१९८७ च्या डिसेंबरात अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला संमती मिळाली आणि १९९० च्या मार्चमध्ये ‘न्यूजवीक’च्या मुखपृष्ठावर त्याची गोळी अवतरली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत मार्टिन टायकर व सहकाऱ्यांनी हे औषध घेणाऱ्या सहा रुग्णांच्या मनात आत्महत्येचे तीव्र विचार उद्भवल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. सहा रुग्णांवरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, हे खरे; पण सहा रुग्णांची नोंद हा चौकशीचा आरंभ ठरू शकतो, हेही तितकेच खरे. १९९१ च्या सप्टेंबरात अमेरिकी औषधनियामक संस्थेच्या सल्लागार समितीने विश्वासार्ह पुरावा नसल्याचे मत दिले आणि प्रश्न तात्पुरता मागे पडला.

तो पुन्हा पुढे आला तो दूरचित्रवाणीमुळे. बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ या मालिकेत १९०२ नव्हे, तर २००२ च्या ऑक्टोबरात पॅरोक्सेटिनविषयी कार्यक्रम झाला. त्यानंतर आलेल्या १,३७४ ई-पत्रांचा अभ्यास चार्ल्स मेडावर, अँड्र्यू हर्क्सहायमर प्रभृतींनी केला. औषध सोडताना डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटते, ही तक्रार एकमेकांस अपरिचित अशा अनेक रुग्णांनी जवळजवळ त्याच शब्दांत केली होती. वैद्यांच्या अहवालांत पुसट झालेला अनुभव रुग्णांच्या स्वतःच्या भाषेत स्पष्ट उमटला. ब्रिटनमधील औषधदोषांच्या नोंदणीची व्यवस्था १९६४ पासून वैद्यकीय व्यावसायिकांच्या अहवालांवर चालत आली होती. २००५ पासून तीत रुग्णांचे निवेदनही स्वीकारले जाऊ लागले.

दरम्यान, २००३ च्या जूनमध्ये अठरा वर्षांखालील नैराश्यग्रस्तांना पॅरोक्सेटिन देऊ नये, असे ब्रिटिश नियामकांनी सांगितले. अमेरिकेत चोवीस चाचण्यांतील ४,४०० हून अधिक बालके व किशोर यांची माहिती एकत्र तपासण्यात आली. निर्जीव गोळी घेणाऱ्यांत आत्महत्येचे विचार वा तसे वर्तन शंभरांत सुमारे दोघांत, तर औषध घेणाऱ्यांत सुमारे चौघांत आढळले. या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. २००४ च्या ऑक्टोबरात वेष्टनपत्रावर काळ्या चौकटीतील सूचना छापण्याचा आदेश निघाला. २००७ मध्ये तिची मर्यादा चोवीस वर्षांच्या वयापर्यंत वाढविण्यात आली.

वार्ताहराची खरी कसोटी येथेच होती. ‘धोका दुप्पट’ आणि ‘शंभरांत दोहोंऐवजी चार’ ही दोन्ही विधाने एकाच आकड्यातून निघतात. पण पहिल्याने माता भयभीत होते, तर दुसऱ्याने ती मुलावर लक्ष ठेवते. सूचनेचा हेतू उपचार बंद पाडण्याचा नसून आरंभीच्या आठवड्यांत रुग्णावर नजर ठेवण्याचा होता. २००७ च्या सुधारित सूचनेत तर नैराश्यविकारातच आत्महत्येचा संभव असतो आणि पासष्ट वर्षांवरील रुग्णांत औषधाने तो घटलेला दिसतो, हेही नमूद होते.

पुढे अमेरिकेत किशोरांना ही औषधे देण्याचे प्रमाण घटले. दहा ते चोवीस या वयोगटातील आत्महत्यांचे प्रमाण २००३ ते २००४ या एका वर्षात आठ टक्क्यांनी वाढल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले. काहींनी याचे खापर सूचनेवर व तिच्या गाजावाजावर फोडले. इतरांनी दाखवून दिले की, दोन घटना लागोपाठ घडल्याने एक दुसरीचे कारण ठरत नाही. हा वाद मिटलेला नाही. आणि ज्या तर्कदोषाबद्दल वृत्तपत्रांना बोल लावला जातो, तो विद्वानांच्या लेखनातही शिरू शकतो, एवढे त्यावरून दिसते.

म्हणून मौन हा यावरील उपाय नव्हे. मौन पाळले गेले असते, तर सोडतानाच्या त्रासाची नोंद झाली नसती. परंतु धोका सांगताना तो किती जणांमागे किती, हे सांगणे, उपचाराविना राहिलेल्या रोगाचा धोका त्याच्या शेजारी मांडणे आणि औषध वैद्यास न विचारता एकाएकी सोडू नये, हे त्याच बातमीत लिहिणे आवश्यक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली वार्ताहरांसाठी काढलेल्या पुस्तिकेत आत्महत्येस एकच कारण चिकटवू नये व मदत कोठे मिळेल ते सांगावे, असा उपदेश आहे. तो औषधांच्या वार्तेसही लागू पडतो. अशा रीतीने लिहिलेली सूचना रुग्णास सावध करते. त्याच्या आजाराला कलंक मानणाऱ्यांच्या हाती मात्र नवे शस्त्र देत नाही.